‘एकदा सगळंच तपासून टाकू’

आमच्या तालुक्यातल्या डॉक्टरांची महिन्याला एक बैठक होते. विषय आधी ठरलेला असतो, पण खरी चर्चा रंगते ती नंतर, बटाटेवड्याच्या प्लेटा हातात आल्यावर. मागच्या बैठकीत मी अ‍ॅलर्जीच्या रक्ततपासणीबद्दल चार शब्द बोलले. अंगाला खाज आली की लगेच शंभर पदार्थांचं पॅनेल पाठवू नका, एवढंच म्हणणं होतं. माझा वडा संपायच्या आत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला कोपऱ्यात गाठलं.

“अगं, तू मुंबईत बसल्यासारखं बोलतेस,” ते म्हणाले. “इथे अ‍ॅलर्जीतज्ज्ञ आहे का? नाही. स्किन टेस्ट कोण करतं? कुणी नाही. ती करताना पोराला रिअ‍ॅक्शन आली तर निस्तरायचं कुणी? रक्ताचं तसं नाही. सुई टोचली, कुरिअरने पाठवलं, चार दिवसांत रिपोर्ट हजर. पेशंटला कागद लागतो, तुला माहीत नाही? आणि समजा, त्यातून काही निघालं नाही, तर बिघडलं काय? रक्तच तर काढलं.”

त्यांच्या वयाचा मान राखून मी तेव्हा वडा खात राहिले. पण हे बोलणं एकट्या त्यांचं नाही. जिल्ह्यातले निम्मे डॉक्टर असं म्हणतात आणि बाकीचे निम्मे न बोलता तसंच करतात. म्हणून उत्तर सगळ्यांसमोर देते.

आधी त्यांचं जे बरोबर आहे ते. रक्ततपासणी टाकाऊ आहे असं मी कधीच म्हटलं नाही. एखाद्या मुलाच्या अंगावर इसबामुळे टाचणीएवढी चांगली जागा नसते, तिथे स्किन टेस्ट करायची कुठे? कुणाला स्किन टेस्टसाठी खाजेची गोळी चार दिवससुद्धा बंद ठेवता येत नाही. कुणाला आधीच एकदा घसा सुजून, रक्तदाब उतरून दवाखान्यात आणलेलं असतं, आणि त्याच्या कातडीवर तोच पदार्थ टोचायला हात धजावत नाही. रक्ताच्या तपासणीत पदार्थाची गाठ रक्ताशी पडते ती काचेच्या नळीत. मुलाला काही होण्याचा प्रश्नच येत नाही.

यंत्रही चोख आहे. ही तपासणी जे मोजते ते आयजीई हे प्रतिपिंड सापडलं १९६६-६७ मध्ये, अमेरिकेतल्या डेन्व्हरला इशिझाका दांपत्याला आणि स्वीडनमधल्या उप्सालाला योहान्सन आणि बेनिक या जोडीला, दोघांनाही आपापल्या वाटेने. १९६८ मध्ये त्याचं बारसं झालं. ते रक्तात मोजायची पद्धत तर बारशाच्या आधीच तयार होती, आणि तिच्यात पन्नास वर्षं सुधारणा होत आली आहे. यंत्र जे मोजतं ते बरोबर मोजतं. माझं भांडण ते काय मोजतं आणि आपण त्याचा काय अर्थ लावतो, यावर आहे.

मराठीत यासाठी ‘वावडं’ हा फार नेमका शब्द आहे. अमक्याला वांग्याचं वावडं आहे, असं आपण म्हणतो तेव्हा त्याने वांगं खाल्लं आणि त्याला काहीतरी झालं, हे त्यात गृहीत असतं. न खाता, न होता वावडं नसतं. रक्तातल्या आयजीईचा अर्थ एवढाच की शरीराने त्या पदार्थाची ओळख करून ठेवली आहे. ती ओळख पुढे भांडणापर्यंत जाईलच असं नाही. बहुतेक वेळा जात नाही.

किती वेळा जात नाही, याचा अंदाज आपल्या शेजारच्याच राज्यातून मिळतो. बंगळुरू आणि म्हैसूरमधल्या प्रौढांची मोठी पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. खाण्याच्या पदार्थांविरुद्ध रक्तात आयजीई सापडलं २६.५ टक्के लोकांत. ज्यांना तोच पदार्थ खाऊन खरोखर त्रासही होतो, अशी माणसं निघाली १.२ टक्का. म्हणजे रक्त पॉझिटिव्ह असलेल्या साधारण बावीस जणांत एक. सहकारी ज्याला ‘काही निघालं’ म्हणतील अशा बावीस कागदांपैकी एकवीस माणसं त्यांच्या ताटातलं सगळं सुखाने पचवत होती. त्यांना फक्त कुणी कागद दिला नव्हता.

आता ‘बिघडलं काय’ या प्रश्नाकडे येते.

गेल्या पावसाळ्यात एक आई चार वर्षांच्या मुलाला घेऊन आली. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सात पानी रिपोर्ट होता, ओळीओळीला लाल शाई. गहू, दूध, तूरडाळ, शेंगदाणा, टोमॅटो, केळं, कोळंबी. मूळ तक्रार काय होती? दीड महिना अधूनमधून अंगावर पित्त उठत होतं. गांधी यायच्या, तासा-दोन तासांत जायच्या. ज्या दवाखान्यात आधी दाखवलं, तिथे रक्त काढलं आणि लाल शाईतलं सगळं बंद करायला सांगितलं. आईने इमानेइतबारे बंद केलं. तिने पिशवीतून मुलाचा डबा काढून मला दाखवला. मऊ भात आणि वरून मुगाचं पाणी. सकाळीही तेच, रात्रीही तेच, तीन महिने. मुलाचं वजन दीड किलोने उतरलं होतं. आणि पित्त? ते मधूनमधून उठतच होतं.

मी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, “याआधी चपाती खायचा?” रोज. “दूध?” सकाळ-संध्याकाळ, तीन वर्षं. “ते खाल्ल्यावर तास-दोन तासांत कधी ओठ सुजले, उलटी झाली, घरघर लागली, अंगावर काही उठलं?” नाही. “हे तुम्हाला आधी कुणी विचारलं होतं?” आई म्हणाली, “नाही हो. रक्त द्या म्हणाले.”

त्या मुलाला पित्त उठायच्या आठवडाभर आधी सर्दी-ताप होऊन गेला होता. लहान मुलांत गांधी येण्याचं ते सगळ्यात नेहमीचं कारण. सहा आठवड्यांपलीकडे रेंगाळणारं पित्त तर क्वचितच खाण्यामुळे असतं. त्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत साध्या रक्तगणनेसारख्या मोजक्या तपासण्या आहेत, सरसकट अ‍ॅलर्जी पॅनेल नाही. तरीही माझ्या पाहण्यात पॅनेल सर्वांत जास्त कशासाठी पाठवलं जातं, तर अंगावर पित्त उठतं म्हणून.

त्या लाल शाईतले आकडे पाहू. गहू ०.४१, दूध ०.६२, बाकीचेही याच्याच आसपास. रिपोर्टवर ०.३५ च्या वर गेलं की ‘पॉझिटिव्ह’ छापतात आणि पुढे १ ते ६ असे वर्ग लावतात. ०.३५ ही मोजमापाची रेघ आहे, आजाराची नव्हे. २००१ मध्ये अमेरिकेतल्या सॅम्पसन यांनी अ‍ॅलर्जीच्या विशेष दवाखान्यात पाठवलेल्या मुलांवर काम करून असे आकडे काढले, ज्यांच्यापुढे मुलाला तो पदार्थ खरंच बाधणार याची खात्री जवळपास ९५ टक्के होते. दुधासाठी तो आकडा आला १५, शेंगदाण्यासाठी १४, अंड्यासाठी ७. अगदी लहान बाळांत ते आणखी खाली येतात, आणि हे आकडेही जसेच्या तसे आपल्याकडे लावता येत नाहीत. तरी ०.६२ आणि १५ यांच्यात केवढं रान आहे, हे कुणालाही दिसावं. शिवाय वर्ग चढला म्हणजे रिअ‍ॅक्शन तितकी भयंकर, असंही नाही. चढत्या आकड्याने वाढते ती शक्यता. रिअ‍ॅक्शन किती जोरात येईल, हे त्यावरून नीट कळत नाही. रिपोर्टवर हे छापलेलं असलंच तर शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत.

आणखी एक हिशेब सहकाऱ्यांसाठी, कारण ते गणितात माझ्याहून हुशार आहेत. समजा एखादी तपासणी इतकी चांगली आहे की निरोगी माणसात ती शंभरदा केली तर पाचदाच चुकून पॉझिटिव्ह येते. एक पदार्थ तपासला तर ठीक. शंभर पदार्थ एकदम तपासले तर ठणठणीत माणसाच्या नावावरही सरासरी पाच लाल ओळी लागणार. एकही लागणार नाही, ही शक्यता एक टक्काही उरत नाही. ‘एकदा सगळंच तपासून टाकू’ याचा अर्थ ‘काहीतरी निघणारच’ असा होतो. आणि निघालं की पेशंटही खूश, डॉक्टरही खूश. उपाशी राहतं ते पोर.

काय काय निघू शकतं, याचा एक नमुना. बाजारपेठेत कापडाचं दुकान असलेलं एक जैन कुटुंब माझ्याकडे येतं. त्यांच्या सुनेला दम्याचा त्रास. कुणीतरी पॅनेल केलं, त्यात कोळंबी आणि खेकडा ठळक पॉझिटिव्ह. घरात हलकल्लोळ. आजेसासूबाईंनी सुनेला एकीकडे घेऊन विचारलं म्हणे, कॉलेजात असताना कुठे हॉटेलात… बिचारी रडकुंडीला आलेली. खरी गोष्ट अशी की कोळंबीतलं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन थोड्या फरकाने झुरळात आणि घरधुळीतल्या किड्यांतही असतं. हे किडे इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत, आणि कोकणातल्या दमट गाद्या-उशांत ते मनसोक्त वाढतात. धुळीच्या किड्यांविरुद्ध तयार झालेलं आयजीई नळीतल्या कोळंबीलाही चिकटतं. धर्माने कोळंबी निषिद्ध असलेल्या, ती कधीच न खाल्लेल्या सनातनी ज्यू लोकांच्या रक्तातही नेमकं हेच सापडल्याचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. आजेसासूबाईंना मी तो समजावून सांगितला. पटला असावा, कारण पुढच्या खेपेला त्यांनी मला खाकरे आणून दिले.

हसून सोडण्यासारखं हे एवढंच. पदार्थ उगाच बंद करण्याने खरंच बिघडतं. डेन्व्हरच्याच एका रुग्णालयाने २०११ मध्ये अशा १२५ मुलांचा अनुभव प्रसिद्ध केला. यांतल्या बहुतेकांना इसब होतं आणि अनेकांचं खाणं रक्ताच्या किंवा स्किन टेस्टच्या जोरावर तोडलेलं. डॉक्टरांनी देखरेखीखाली ते पदार्थ थोडे थोडे खाऊ घातले. ३६४ पैकी ३२५ वेळा काहीही झालं नाही. दहातले जवळपास नऊ पदार्थ विनाकारण बंद होते. ज्या शहरात आयजीईचा शोध लागला, त्याच शहराने पुढे त्याच्या गैरवापराचाही हिशेब मांडला, हे मला आवडतं.

त्याहून पुढची गोष्ट लंडनची. २०१५ मध्ये तिथल्या संशोधकांनी शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीचा धोका जास्त असलेल्या ६४० बाळांचे दोन गट केले. एका गटाला पाच वर्षांचं होईपर्यंत शेंगदाणा नियमित दिला, दुसऱ्याला अजिबात नाही. यात काही बाळं अशी होती की त्यांची शेंगदाण्याची स्किन टेस्ट सुरुवातीलाच थोडी पॉझिटिव्ह होती. आपल्या पद्धतीने यांचा शेंगदाणा त्याच दिवशी बंद झाला असता. त्यांच्यापैकी ज्यांनी टाळला, त्यांतल्या ३५.३ टक्के मुलांना पाचव्या वर्षी खरी अ‍ॅलर्जी झाली. ज्यांनी खाल्ला, त्यांच्यात १०.६ टक्के. नुसत्या पॉझिटिव्हवरून घास काढून घेतला तर जी अ‍ॅलर्जी नव्हती ती आपणच जन्माला घालू शकतो. आता सांगा, बिघडलं काय?

उलट बाजूनेही फसगत होते. मे महिन्यात माझ्याकडे ओठांभोवती फोड आणि खाज घेऊन मुलांची रांग लागते. ‘आंब्याची अ‍ॅलर्जी आहे का, रक्तात बघा ना.’ रक्तात काही दिसणार नाही, कारण हा देठाच्या चिकाचा प्रताप. काजूच्या बिया फोडणाऱ्या बायकांचे हात ज्या जातीच्या द्रव्याने उततात, तसलंच द्रव्य आंब्याच्या चिकात आणि सालीत असतं. ही त्वचेची वेगळी, सावकाश होणारी अ‍ॅलर्जी. आयजीईचा तिच्याशी संबंध नाही. देठ कापून, चीक गाळून, साल काढून कापलेल्या फोडी यातली बहुतेक मुलं मजेत खातात. निगेटिव्ह रिपोर्ट बघून ‘मग खा बिनधास्त’ म्हणत सालीसकट आंबा चोखायला सांगणारा डॉक्टर आणि पॉझिटिव्ह बघून गहू तोडणारा डॉक्टर एकच चूक करतात. दोघांनीही विचारलेलं नसतं. दूध पिऊन पोट फुगणं किंवा तिखट खाऊन जळजळणं यांचाही या तपासणीशी काही संबंध नाही.

आयजीजीच्या पॅकेजबद्दल फार शाई घालवणार नाही. ‘दोनशे पदार्थांची असहिष्णुता तपासणी’ नावाने जे विकतात, त्यात आयजीजी किंवा आयजीजी४ मोजतात. ती प्रतिपिंडं आपण जे खातो त्याची नोंद असतात. रोज भात खाणाऱ्याच्या रक्तात भाताची नोंद सापडणारच. खऱ्या अ‍ॅलर्जीवर उपचार करताना तर आयजीजी४ वाढतं, सहनशक्ती येते तेव्हाच वाढतं. युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये लेखी सांगितलं की अन्नाच्या अ‍ॅलर्जीच्या निदानासाठी ही तपासणी करू नये. अमेरिकेतल्या संघटनेने २०१२ मध्ये डॉक्टरांनी न करण्याच्या गोष्टींच्या यादीत ती पहिल्या ओळीत घातली, आणि त्याच ओळीत आयजीईची सरसकट पॅनेलंही. हे पॅकेज विकणं ही फसवणूक आहे. सौम्य शब्द मला सापडत नाही.

पाकिटाबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर सगळं साळसूद वाटेल. २०१७ मध्ये राज्य सरकारने कट प्रॅक्टिसविरुद्ध, म्हणजे पेशंट पाठवण्याबद्दल कमिशन घेण्याविरुद्ध, कायद्याचा मसुदा करवून घेतला होता. तेव्हा आपल्याच बैठकीत किती जणांचे चेहरे उतरले, ते मी पाहिलं आहे. माझ्या या सहकाऱ्यांबद्दल मला तसा संशय नाही, ते सरळ माणूस आहेत. पण लॅबचा माणूस दर महिन्याला पॅनेलचं माहितीपत्रक आणि नवं कॅलेंडर घेऊन येतो, आणि हिस्टरी नीट विचारा असं सांगायला कुणीच येत नाही, एवढं तरी त्यांनी लक्षात घ्यावं.

मग मी तपासणी पाठवते कधी? कोळ्याच्या एका मुलीने कोळंबी खाल्ली, दहा मिनिटांत ओठ सुजले, आवाज बसला. तिच्या रक्तात कोळंबीचं आयजीई पाहिलं. फक्त कोळंबीचं. एका बाळाचं गाईचं दूध बंद आहे, कारण दोनदा पाजल्यावर दोन्ही वेळा अंग लाल होऊन उलट्या झाल्या. त्याचा आकडा मी वर्षाने पुन्हा बघणार, कारण तो उतरत गेला तर मोठ्या रुग्णालयात दूध देऊन बघायची वेळ ठरवता येते. गांधीलमाशी चावून कोसळलेल्या माणसाला मी पुढे पाठवते, तिथे ही तपासणी लागतेच. दमा औषधांना दाद देत नसेल आणि फुप्फुसात अ‍ॅस्परजिलस बुरशीची शंका असेल, तर त्या बुरशीचं आयजीई आणि एकूण आयजीई दोन्ही हवीत. चंदीगडच्या पीजीआयमधल्या डॉक्टरांचं या आजारावरचं काम जगभर वाचलं जातं. उपचार लागू पडतो आहे की नाही, हे या आजारात एकूण आयजीईवरूनही ताडता येतं. तोच एकूण आयजीईचा आकडा खोकल्या-शिंकल्याच्या प्रत्येक पोराचा काढला तर मात्र काहीच सांगत नाही. पोटात जंत असले तरी तो चढतो.

प्रत्येक ठिकाणी आधी गोष्ट आहे, मग संशय, मग रक्त. आणि गोष्ट ठाम असेल तर निगेटिव्ह रिपोर्टही मी डोळे मिटून मानत नाही. कोळ्याच्या त्या मुलीचं रक्त निगेटिव्ह आलं असतं, तरी मी तिला घरी कोळंबी खायला सांगितलं नसतं.

राहिला पेशंटच्या कागदाचा मुद्दा. पेशंटला कागद लागतो हे खरं. मग कागद द्यावा. मी एका पानावर लिहून देते: काय खाल्लं, किती खाल्लं, किती मिनिटांनी काय झालं, आधी तेच खाऊन काही झालं होतं का, त्या दिवशी ताप किंवा पेनकिलर होती का. पाच मिनिटं लागतात. ओपीडीत पाच मिनिटं नाहीत, असं सहकारी म्हणतील. सात पानी रिपोर्ट आईला समजावून तिच्या मनातून काढायला मला तीन खेपा लागल्या.

त्या मुलाला मी आमच्या वॉर्डात दाखल करून घेतलं, अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन हाताशी ठेवलं आणि आधी दुधाचे थेंब, मग चमचा, मग अर्धी वाटी असं दिलं. दुसऱ्या दिवशी चपाती. आईचे डोळे सगळा वेळ त्याच्या ओठांवर. काही झालं नाही. त्याला केळं देताना तिने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग सोललं. (हे कुणी घरी करून बघू नये. ज्याला खरी रिअ‍ॅक्शन येऊन गेली आहे, त्याच्या बाबतीत तर मुळीच नाही.)

पुढच्या बैठकीत माझा एक ठराव आहे, आणि सहकाऱ्यांनी त्याला अनुमोदन द्यावं अशी विनंती आहे. आपल्या तालुक्यातल्या लॅबच्या फॉर्मवर अ‍ॅलर्जीच्या रकान्याशेजारी एक ओळ छापून घ्यावी: कोणता पदार्थ, किती वेळात, काय झालं. ती ओळ डॉक्टरने भरलेली नसेल, तर लॅबने रक्त काढू नये.